गंगाकाठचा महाराष्ट्र

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 ‘काशीस जावे नित्य वदावे’ अशी आपल्याकडे म्हण आहे. प्रत्यक्ष जाणे घडो वा न घडो, तोंडात तिचे नाव असावे, असा तिचा आशय. ज्यांचे पूर्वज नुसते वदून थांबले नाहीत, तर गेले आणि तेथेच राहिले, अशा थोड्या घरांपैकी आमचे एक घर. आज पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट, रामघाट या भागांतील गल्ल्यांतून हिंडताना दारावर मराठी आडनावांच्या पाट्या दिसतात. त्या घरांतील माणसे बाहेर अस्खलित बनारसी बोलतात आणि आत येऊन देवापुढे मराठी आरती म्हणतात. अशा घरांच्या वतीने आम्ही आज चार शब्द बोलणार आहोत.

आपल्या मंडळाला पन्नास वर्षे झाली. पहिल्या पिढीने मंडळ काढले ते घरची आठवण येत होती म्हणून. दुसऱ्या पिढीने ते चालविले ते आईवडिलांचा शब्द मोडवेना म्हणून. आता तिसरी पिढी उभी आहे आणि ती विचारते, “हे कशासाठी?” प्रश्न उद्धटपणाचा नाही, रास्त आहे. काशीतील मराठी माणसाला या प्रश्नाला गेली साडेचारशे-पाचशे वर्षे पुन्हा पुन्हा तोंड द्यावे लागले. त्याने काय राखले, काय सोडले आणि काय हातचे गेले, याचा ताळेबंद आपल्यापुढे मांडावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

आरंभ पैठणपासून करावा लागतो. सोळाव्या शतकात रामेश्वरभट्ट नावाचे विद्वान पैठण सोडून काशीस आले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट यांचा जन्म १५१३ चा. काशी, प्रयाग व गया या तिन्ही क्षेत्रांच्या यात्राविधीचा ‘त्रिस्थलीसेतु’ हा प्रमाणग्रंथ त्यांनी रचला आणि विश्वेश्वराच्या मंदिराची त्या शतकाच्या उत्तरार्धात जी पुनर्रचना झाली तिच्याशी त्यांचे नाव जोडले गेले. त्यांचे नातू कमलाकरभट्ट यांनी १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ लिहिला. आपल्या घरी एकादशी आज की उद्या असा वाद पडला म्हणजे पुरोहित ज्या ग्रंथाचा दाखला देतात तो हाच. दुसरे नातू नीलकंठभट्ट यांचा ‘व्यवहारमयूख’ तर इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातील न्यायालयांत हिंदूंच्या वारसाहक्काच्या दाव्यांत प्रमाण मानला जाई. याच कुळातील गागाभट्ट १६७४ साली रायगडावर गेले आणि शिवछत्रपतींचा राज्याभिषेक त्यांच्या पौरोहित्याखाली झाला.

ही नामावळी आम्ही अभिमान मिरविण्यासाठी सांगत नाही. या घराण्याने काशीत पाऊल ठेवले तेव्हा ते परकेच होते. त्यांच्याजवळ ना जहागीर होती ना फौज. पण त्यांनी त्या नगरीला हवे असलेले काम पत्करले. देशाच्या कानाकोपऱ्यातून येणाऱ्या यात्रेकरूला शास्त्रार्थ सांगणारा कोणी तरी हवा होता. ती गरज त्यांनी भागविली. जेथे जावे तेथे उपयोगी पडावे, मग आपलेपण आपोआप टिकते, हा त्यांच्या चरित्राचा पहिला धडा. दुसरा धडाही तितकाच मोलाचा आहे. नारायणभट्टांचे पुत्र शंकरभट्ट यांनी आपल्या घराण्याचा वृत्तांत स्वतः लिहून ठेवला. पुढे १९१२ मध्ये महामहोपाध्याय हरप्रसाद शास्त्री यांनी काशीच्या दाक्षिणात्य पंडितांविषयी लेख लिहिला, तेव्हा त्यांना आधार सापडला तो याच वृत्तांताचा. लिहून ठेवले म्हणून तीनशे वर्षांनी एका बंगाली पंडिताला ते वाचता आले.

पैठणचेच दुसरे एक थोर पुरुष काशीस आले ते म्हणजे एकनाथमहाराज. त्यांचे भागवत पैठणास सुरू झाले आणि शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, काशीत पूर्ण झाले. परंपरा असे सांगते की, देवभाषेतील ग्रंथ प्राकृतात आणल्याबद्दल तेथील पंडितांनी आधी नाथांना दोष दिला आणि ग्रंथ ऐकल्यावर त्याच पंडितांनी त्याचा गौरव केला. आख्यायिकेतील तपशील बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरतेच. वारकरी ज्या ग्रंथाला शिरोधार्य मानतात, त्याची शेवटची ओवी गोदेच्या नव्हे, गंगेच्या काठी लिहिली गेली. घरापासून दूर राहून मराठीची सेवा करता येते की नाही, अशी शंका आपणांपैकी कोणाला येत असेल तर तिचे उत्तर नाथांनी केव्हाच देऊन ठेवले आहे.

अठराव्या शतकात चित्र पालटले. पेशवे, होळकर, शिंदे आणि नागपूरकर भोसले यांचा पैसा काशीत येऊ लागला. अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास विश्वनाथाचे आजचे मंदिर उभारले. अहिल्याबाई घाट, शिंदे घाट, भोसले घाट ही नावे आजही नावाड्यांच्या तोंडी आहेत. पंचगंगेवरचे बिंदुमाधवाचे मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधविले, तर ज्ञानवापीवरील खांबांचा मंडप बायजाबाई शिंदे यांनी. या आश्रयावर शेकडो वैदिकांची घरे चालत. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि आश्रयाचा हा झरा आटत गेला. पदच्युत बाजीरावांचे बंधू चिमाजीअप्पा काशीत येऊन राहिले. त्यांच्या पदरी मोरोपंत तांबे होते आणि मोरोपंतांची कन्या मनकर्णिका हीच पुढे झाशीची राणी लक्ष्मीबाई झाली. तिचे जन्मस्थान म्हणून भदैनी येथे स्मारक आहे.

आश्रय गेल्यावर काय करायचे, हा काशीतील मराठी माणसापुढचा पहिला मोठा पेच होता. नुसते रडत बसलेली घरे होती, नाही असे नाही. पण ज्यांनी निराळी वाट धरली त्यांत बापूदेवशास्त्री यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. इंग्रजांनी १७९१ मध्ये काशीत संस्कृत पाठशाळा स्थापिली होती. तेथे १८४२ मध्ये बापूदेवशास्त्री अध्यापक म्हणून रुजू झाले. सिद्धान्तज्योतिषात पारंगत असलेल्या या शास्त्र्याने युरोपीय गणितही आत्मसात केले, विद्यार्थ्यांसाठी हिंदीत बीजगणित लिहिले आणि ‘सूर्यसिद्धान्ता’चे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १८६१ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रत्यक्ष वेधाशी जुळणाऱ्या गणिताचे दृक्सिद्ध पंचांग काशीत त्यांच्या नावाने रूढ झाले. ग्रहणाची वेळ पंचांगात एक आणि आकाशात दुसरी, असे होऊ लागले तर पंचांग सुधारावे, आकाशाला दोष देऊ नये, ही त्यांची दृष्टी. परंपरा जतन करणे म्हणजे तिचे गणित वेळोवेळी तपासून घेणे, हे त्यांनी कृतीने दाखविले. ती पाठशाळा १९५८ मध्ये विश्वविद्यालय झाली आणि आज संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय या नावाने ओळखली जाते.

दुसरा पेच रेल्वेने आणि छापखान्याने आणला. १८८७ मध्ये गंगेवरचा लोहमार्गाचा पूल खुला झाला. पूर्वी महिनोन् महिने पायी चालत येणारा यात्रेकरू क्षेत्रोपाध्यायाच्या घरी मुक्काम करी. त्याच्या वहीत आपल्या कुळाची नोंद पाही, नवी नोंद लिही आणि गंगेची कावड घेऊन परत फिरे. आगगाडीने यात्रेकरूंची संख्या वाढविली, पण मुक्काम आखडला. त्या जुन्या वह्यांतील मराठी नोंदी कित्येकदा मोडी लिपीत आहेत. कागद अजून शाबूत असले तरी ते वाचणारे डोळे विरळ झाले.

छापखान्याची कथा अधिक विचार करायला लावणारी आहे. १८८३ साली काशीतील एका मराठी वैदिक घरात बाबूराव विष्णु पराडकर जन्मले. १९२० मध्ये शिवप्रसाद गुप्त यांनी ‘आज’ हे हिंदी दैनिक काढले आणि पराडकरांनी ते हिंदी पत्रसृष्टीत मानदंड ठरावे इतके वर आणले. ‘सर्वश्री’, ‘मुद्रास्फीति’ यांसारखे शब्द हिंदीत त्यांनी रुळविले, असे मानले जाते. १९३८ मध्ये सिमला येथील हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. लक्ष्मण नारायण गर्दे हेही काशीचेच मराठी आणि हिंदीचे मान्यवर संपादक. ज्या मराठी घरांनी काशीत संस्कृताची सेवा केली, त्याच घरांतील मुलांनी विसाव्या शतकात हिंदीची सेवा केली. स्वतः लोकमान्य टिळकांनी डिसेंबर १९०५ मध्ये काशीच्या नागरी प्रचारिणी सभेत देशाला एक लिपी असावी असे प्रतिपादन केले होते. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन तेव्हा काशीत भरले होते.

येथे कोणी विचारील की, हे मराठीचे नुकसान नव्हे काय? आम्हांला तसे वाटत नाही. ज्या गावचे पाणी प्यावे त्या गावच्या भाषेचे ऋण असते आणि पराडकरांनी ते सव्याज फेडले. नुकसान झाले ते निराळ्या ठिकाणी. बाहेरच्या भाषेचे प्रभुत्व मिळविताना घरातली भाषा आपोआप राहील, असे आम्ही सर्वांनी गृहीत धरले. ती आपोआप राहत नाही.

आमच्या घरांतील आजची स्थिती आपणांस प्रांजळपणे सांगितली पाहिजे. आजी नातवाला कोशिंबिरीसाठी ‘काकडी’ आणायला पाठविते आणि तो बाजारातून लांब, वाकडी, हिंदीतली ‘ककडी’ घेऊन येतो. कारण आजीला हवी असलेली काकडी तेथे ‘खीरा’ म्हणून मिळते. आपल्याकडे ‘शिक्षा’ म्हटले की मूल घाबरते, तेथे ‘शिक्षा’ म्हटले की शाळेत जाते. ‘चेष्टा’ करू नकोस असे आई म्हणते आणि शाळेत गुरुजी ‘चेष्टा’ करण्यास सांगतात. या गमतींवर आम्ही हसतो. पण हसून झाल्यावर ध्यानात येते की, मूल उत्तर हिंदीतच देते. पुढे हेच मूल शिकून नोकरीसाठी पुण्यास जाते आणि तेथे त्याचे मराठी ऐकून सोबती विचारतात, “तू मूळचा कुठला?” काशीत ज्याला लोक ‘महाराष्ट्रीय’ म्हणतात, तो महाराष्ट्रात जाऊन उत्तर हिंदुस्थानी ठरतो. आमच्यापैकी पुष्कळांच्या घरी हा प्रसंग घडला आहे आणि त्याचे शल्य लहान नाही.

वास्तूंचेही तसेच. एकेका वाड्यात पूर्वी पाच-सहा कुटुंबे, मधे चौक, चौकात विहीर आणि तुळशीवृंदावन. मुले दूरदेशी गेली, वृद्धांना जिने चढवेनात, गल्लीत मोटार शिरेना. तेव्हा कित्येक कुटुंबे शहराबाहेरच्या सदनिकांत गेली. विश्वनाथ मंदिरापासून गंगेपर्यंतचा नवा प्रशस्त परिसर १३ डिसेंबर २०२१ रोजी खुला झाला. त्यासाठी शेकडो जुनी घरे विकत घेऊन पाडण्यात आली. वृद्ध यात्रेकरूची सोय झाली, हे खरे. अनेक पिढ्यांचा शेजार उठला, हेही तितकेच खरे. त्या परिसरात अहिल्याबाईंचा पुतळा उभा आहे. पुतळ्याला नमस्कार करताना, ज्या गल्लीतून आमचे आजे दर्शनाला येत ती गल्ली नेमकी कोठे होती, हे मुलांना दाखविता येत नाही.

असे असूनही जे टिकले ते का टिकले, याचा शोध घेतला पाहिजे. तीन उदाहरणे सांगतो.

पहिले वेदपठणाचे. रामघाटावरील सांगवेद विद्यालयात आजही मुले गुरूसमोर बसून संथा घेतात. येथेच दीर्घकाळ अध्यापन केलेले पंडित लक्ष्मीकांत दीक्षित हे मूळच्या सोलापूर जिल्ह्यातील घराण्याचे. २२ जानेवारी २०२४ रोजी अयोध्येत झालेल्या प्राणप्रतिष्ठेचे ते प्रधान आचार्य होते. त्याच वर्षी जून महिन्यात त्यांचे निधन झाले. त्यानंतर २०२५ च्या अखेरीस अहिल्यानगरच्या एकोणीस वर्षांच्या देवव्रत महेश रेखे या तरुणाने याच विद्यालयात शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचे सुमारे दोन हजार मंत्रांचे दंडक्रम पारायण पन्नास दिवसांत पूर्ण केले. दंडक्रमात पदे उलटसुलट क्रमाने गुंफून म्हणावी लागतात. एक पद चुकले तर साखळी तुटते. या विद्येला छापील पुस्तकाने किंवा ध्वनिमुद्रणाने मारले नाही, कारण ती शिकविण्याची वेळ, शिकविणारा आणि शिकणारा ही तिन्ही रोज एकत्र येतात.

दुसरे उदाहरण दिव्यांचे. पंचगंगा घाटावर दगडी हजारा दीपस्तंभ आहे. तो अहिल्याबाईंनी उभारला असे सांगतात. जेजुरीची दीपमाळ पाहिलेल्या माणसाला त्याची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. कार्तिक पौर्णिमेला या घाटावर दिवे लावण्याची चाल होती. १९८० नंतरच्या दशकात आसपासच्या घाटांनी ती उचलली आणि आज देवदीपावलीला सगळे घाट दिव्यांनी उजळतात. दीपमाळ आमच्या एकट्यांची राहिली असती तर कदाचित विझली असती. शेजाऱ्यांनी तिला आपली म्हटले, म्हणून ती वाढली.

तिसरे गणेशोत्सवाचे. ब्रह्माघाटाच्या आसपासच्या वस्तीतील सार्वजनिक गणेशोत्सवाची परंपरा लोकमान्यांच्या काळापर्यंत मागे जाते. तेथे व्याख्यान, कीर्तन, मुलांच्या स्पर्धा होतात. वर्षभर हिंदीत बोलणारा मुलगा त्या दिवसांत मराठी श्लोक पाठ करतो, कारण त्याला व्यासपीठावर उभे राहायचे असते. मुलाला काम दिले की भाषा त्याच्या तोंडी येते. नुसता उपदेश केला तर ती त्याच्या कानावरून जाते.

या तिन्हींची तुलना मोडी लिपीशी करावी. मोडीबद्दल सर्वांना आदर होता, पण तिच्यावाचून कोणाचे काम अडेनासे झाले आणि ती गेली. नित्याचे काम, शिकविणारा माणूस आणि शेजाऱ्याचा सहभाग, या तिहींपैकी एकही आधार उरला नाही तर केवळ आदराने काहीही टिकत नाही.

हा अनुभव केवळ आपलाच नाही. तंजावरला व्यंकोजीराजांबरोबर गेलेल्या मराठी घरांतून आजही एक जुनी मराठी बोलली जाते आणि सरफोजीराजांनी वाढविलेल्या सरस्वती महालात मराठीची व मोडीची अमोल कागदपत्रे आहेत. तेथील मराठी कीर्तनाने तमिळ हरिकथेला रूप दिले. त्याहून दूरचे उदाहरण न्यूझीलंडमधील मूळ रहिवासी माओरी लोकांचे. त्यांची मुले इंग्रजीच बोलू लागली, भाषा म्हाताऱ्यांपुरती उरली. तेव्हा १९८२ मध्ये त्यांनी ‘कोहांगा रेओ’, म्हणजे भाषेचे घरटे, या नावाने बालवाड्या काढल्या. युक्ती साधी होती. आजी-आजोबांनी शाळेत जाण्यापूर्वीच्या मुलांना दिवसभर सांभाळायचे आणि त्यांच्याशी माओरीतच बोलायचे. पाच वर्षांत, १९८७ मध्ये, माओरीला त्या देशाच्या राजभाषेचा दर्जा मिळाला. मधली पिढी भाषा विसरली असली तरी आजी आणि नातू यांचा थेट पूल बांधता येतो, हे त्यांनी जगाला दाखविले.

आता आपल्या मंडळापुढे चार सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली, आठवड्यातून एकदा का होईना, मंडळाच्या वास्तूत ज्येष्ठांनी लहान मुलांना सांभाळावे आणि त्या वेळेपुरते मराठीच बोलावे; व्याकरण शिकवू नये, गोष्टी सांगाव्यात, पोळी लाटायला बसवावे, पत्ते खेळावेत. दुसरी, प्रत्येक कुटुंबाने एक वही करावी. आपण कोणत्या गावाहून, कोणत्या साली, कोणत्या कामासाठी आलो, घरात कोण कोण होते, कुलदैवत कोणते, हे बाळबोध लिपीत स्वच्छ लिहावे. शंकरभट्टांनी जे केले ते करण्यास शास्त्री असावे लागत नाही. तिसरी, मंडळाचा निदान एक उत्सव असा असावा की ज्यात शेजारचे लोक पाहुणे म्हणून न येता कामाला हात लावतील. आणि चौथी, मुलांच्या मराठीला हसू नये. चुकीची मराठी बोलणारा मुलगा अजून आपल्या घरात आहे. हसण्याला भिऊन गप्प बसलेला मुलगा उंबऱ्याबाहेर गेलेला असतो.

काही गोष्टी सोडाव्याही लागतील. सोवळ्याओवळ्याचे जे नियम माणसामाणसांत अंतर पाडीत, ते काशीतही सैल झाले आणि ते योग्यच झाले. सुना परप्रांतातून येतील, जावई परदेशातले असतील. त्यांना आपल्या पंगतीत संकोच वाटू नये, इतकी ती पंगत मोठी केली पाहिजे. बापूदेवशास्त्र्यांनी पंचांग दुरुस्त केले म्हणून ते वापरात राहिले, हे विसरू नये.

काशीतील मराठी घरांचे पुढे काय होईल, याचे भाकीत आम्ही करीत नाही. घरे थोडी आहेत, माणसे पांगली आहेत. परंतु पाचशे वर्षांत ‘आता संपले’ असे वाटण्याची वेळ आमच्यावर अनेकदा आली आणि दर वेळी कोणी ना कोणी सकाळी उठून आपले नेमाचे काम पुढे चालू केले. आपल्या मंडळाला तर अवघी पन्नास वर्षे झाली आहेत. शतकमहोत्सवाच्या वेळी येथे जे व्याख्यान होईल ते मराठीतच व्हावे आणि ते समजून घेणारी मुले पुढच्या रांगेत बसलेली असावीत, अशी विश्वनाथाच्या चरणी प्रार्थना करतो आणि आपली रजा घेतो.